चप्पल लपवणारं घर

महाराष्ट्रात असा एकही तालुका नसेल, जिथे माझ्या साडूंचं अंथरूण पडलेलं नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वीज खात्यातून निवृत्त झालेले, सिडकोत स्वतःचं घर बांधलेले, मिशा अजूनही नेमानं काळ्या करणारे, आणि कुठल्याही परक्या गावात संध्याकाळ झाली तरी 'इथं आपलं कोण आहे?' एवढ्या एका प्रश्नावर जेवणाची आणि झोपण्याची सोय करून घेणारे गृहस्थ. नकाशात लोक रस्ते बघतात, नद्या बघतात. साडूंना तिथे फक्त माणसं दिसतात. नाशिक म्हणजे मावसभाऊ, सोलापूर म्हणजे चुलत बहिणीचे दीर, नागपूर म्हणजे ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाचे व्याही. लॉजची पायरी त्यांनी आयुष्यात चढली नव्हती. पैसे नव्हते म्हणून नाही. त्यांचा एक सिद्धान्तच होता आणि तो ते गीतेतला श्लोक सांगावा तसे डोळे मिटून सांगत. "साडूभाऊ, लॉजवर उतरणं म्हणजे त्या गावात आपलं कुणी नाय, हे चारचौघांत कबूल करणं. लई वाईट दिसतं ते."

आपलं कुणी नसेल तर ते तयार करत. एकदा छावणीत आम्ही त्यांच्या स्कूटरवरून चाललो होतो. बोलण्याच्या नादात त्यांनी सिग्नल मोडला आणि हवालदारानं शिट्टी मारून बाजूला घेतलं. "लायसन दाखवा." "दाखवतो की. तुमचं गाव कोणतं म्हणलं?" हवालदार म्हणाला, "त्याच्याशी काय करायचंय? वैजापूर." "वैजापूरचे कोणते?" इथे मी स्कूटरवरून उतरून झाडाखाली जाऊन उभा राहिलो, कारण हा 'कोणते' एकदा सुरू झाला की मग आत्या, मावशा, साखरपुडे आणि मोडलेली लग्नं यांतून गाडी कुठे निघेल ते सांगता येत नाही. ती निघाली ती हवालदाराच्या आत्याच्या सासरी. तिथे साडूंचा एक मामेभाऊ सख्खा शेजारी निघाला. दंडाची पावती फाडावीच लागली, पण फाडताना हवालदार म्हणाला, "दाजी, नाइलाज आहे. पण चहा घेतल्याशिवाय जायचं नाय." रिक्षावाल्याशी तर ते दोन मिनिटांत दख्खनीत शिरत. "मियाँ, खुल्दाबादके कौनसे मोहल्लेके?" असं विचारलं की तो चकित होऊन मागे वळे, आणि मग क्रांती चौकापर्यंत रिक्षा रस्त्यावर कमी आणि खुल्दाबादच्या गल्ल्यांतून जास्त धावे.

पाहुणे म्हणून मात्र ते पहिल्या दर्जाचे. कुणाच्या घरी रिकाम्या हातानं गेले नाहीत. कापडी पिशवीत ज्वारी, हंगाम असेल तर दौलताबादची सीताफळं, घरातल्या बाईसाठी खण-नारळ. घरात पाऊल टाकताच आधी पिशवी स्वयंपाकघरात जायची, मग हे सोफ्यावर टेकायचे. ती पिशवी परत येताना भरून आली पाहिजे, हा त्यांचा दुसरा सिद्धान्त. शेंगा असोत, पापड असोत, अगदी अंगणातला कढीपत्ता असो, पण रिकामी पिशवी परत देणाऱ्या घराबद्दल ते पुढची कितीतरी वर्षं "चांगली माणसं आहेत, पण..." असं म्हणून थांबत.

आणि निघण्याचा सोहळा! साडूंच्या मते पाहुणा येतो तेव्हा घराची परीक्षा होत नाही, तो निघतो तेव्हा होते. "बराय, निघतो आता" असं पाहुण्यानं म्हणायचं. यजमानानं "राहा की आजचा दिवस" म्हणायचं. पाहुण्यानं कामाचं कारण सांगून नाही म्हणायचं. यजमानानं दुसऱ्यांदा म्हणायचं, पाहुण्यानं दुसरं कारण काढायचं. तिसऱ्यांदा आग्रह झाला की मग "एवढं म्हणताय तर राहतो बापडा" असं म्हणून पिशवी खाली ठेवायची. एकदाच म्हणून गप्प बसणारी घरं साडूंच्या लेखी शहरी. तीनदा म्हणणारी खानदानी. पण सगळ्यांत वरचा दर्जा होता तो चप्पल लपवणाऱ्या घरांचा. पाहुणा निघायला उठावा आणि दाराशी त्याची चप्पलच सापडू नये. ती कधी धान्याच्या कोठीमागे, कधी माळ्यावर, एकदा तर बंबात सापडलेली. "चप्पल लपवणारं घर आहे ते," असं साडू एखाद्या घराबद्दल म्हणाले, की त्यापुढे दुसरं प्रमाणपत्र नको. अशा घरातून ते निघताना आधी पायांत चप्पल घालून बसत आणि यजमानीण बाई ती काढून नेईपर्यंत वाट बघत, असं माझी बायको म्हणते. तिच्या म्हणण्यातलं निम्मं मी सोडून देतो, तरी पुष्कळ उरतं.

या सगळ्या वैभवात माझ्या मेहुणीचं, म्हणजे आम्ही जिला ताई म्हणतो तिचं काय होत असे, हे मात्र बरीच वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. साडू बैठकीत बसून नाती उलगडत आणि ताई आत पोळ्या लाटी. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर बाईमाणूस बसून कसं राहणार? कोल्हापूरला गेली तर तिनं तिथे भाकरी थापल्या, नाशिकला गेली तर मेथी निवडली. कुठल्या गावचं काय पाहिलंस असं विचारलं, की ती त्या गावच्या ओट्याची उंची सांगे. महाबळेश्वर बघायची तिला लग्न झाल्यापासून हौस. पण महाबळेश्वरात साडूंचं कुणी नव्हतं, सगळ्यांत जवळचे म्हणजे वाईचे आतेभाऊ. म्हणून मुक्काम वाईला आणि महाबळेश्वर दिवसाच्या गाडीनं. असं ती तीन-चारदा जाऊन आली. प्रत्येक वेळी चार वाजले की साडू घड्याळ बघत. "चला, वहिनी एकट्या आहेत, जेवणाला माणसं वाढलीत." त्यामुळे ज्याच्यासाठी जग तिथे जातं तो सूर्यास्त ताईनं एकदाही पाहिला नाही. सूर्य मावळायचा तेव्हा ती वाईच्या घरात कणीक मळत असायची. ही गोष्ट तिनं एकदा माझ्या बायकोला हसत हसत सांगितली. बायकोनं ती मला सांगितली तेव्हा ती हसत नव्हती.

मग हळूहळू घरं मिटायला लागली. वाईचे आतेभाऊ घराला कुलूप लावून मुलाकडे पुण्याला गेले आणि तिथेच वारले. सोलापूरचं घर पाडून तिथे इमारत झाली आणि इमारतीत कुणाचं कोण ते पाटीवरून कळेना. साडू फोन करत तेव्हा पलीकडून पूर्वी "कधी येताय?" येई, आता "कशासाठी येताय?" येऊ लागलं. घाव बसला तो नाशिकला. मावसभावाच्या मुलाला यांनी फोन केला की दोन दिवस येतोय. तो पोरगा वाईट नाही, हुशार आहे, नम्र आहे. म्हणाला, "काका, जरूर या. आमच्या घराजवळच छान हॉटेल झालंय. मी बुक करून देतो, पैसे मीच भरतो. तुम्हाला पण प्रायव्हसी." साडूंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे आले. म्हणाले, "पैसे बी तोच भरणार म्हणतो." त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे बघवलं नाही.

अशा नाजूक काळात त्यांना तो फोन आला. एका मॉलमध्ये ताईनं साबण घेताना कुठलंसं कूपन भरलं होतं. त्यावर त्यांचा नंबर लागला होता आणि सहलींच्या सदस्यत्व योजनेची माहिती ऐकायला जालना रोडवरच्या एका हॉटेलात जोडीनं यायचं होतं. बक्षीस म्हणून डोंगरावर दोन रात्री मुक्काम फुकट. 'जोडीनं' या शब्दाचा साडूंनी घ्यायचा तोच अर्थ घेतला. सत्यनारायणाला बसावं तसे ते कोसा सिल्कचा झब्बा घालून आणि ताई पैठणी नेसून तयार झाली. मी वाळूजच्या कारखान्यात जन्मभर हिशेब तपासले, म्हणून मला सल्लागार नेमलं. सल्लागारानंही जोडीनंच यायला हवं, म्हणून माझी बायको.

आमच्या टेबलावर काळा कोट घातलेली एक तरतरीत मुलगी आली. तिनं संगणकावर समुद्र दाखवला, बर्फ दाखवला आणि पाठ केलेलं बोलू लागली. "सर, विचार करा. पंचवीस वर्षं, दरवर्षी एक आठवडा, देशात कुठेही तुमचं स्वतःचं हक्काचं घर." मी साडूंकडे पाहिलं. 'हक्काचं घर' हे दोन शब्द तिनं सहज म्हटले असतील, पण ते जिथे लागायचे तिथे लागले होते. साडू खुर्चीत पुढे सरकले. "महाबळेश्वरात बी?" "महाबळेश्वर, मनाली, गोवा, सगळीकडे." ताई इतका वेळ कॉफीच्या कपातला फेस बघत होती. महाबळेश्वर म्हटल्यावर तिनं मान वर केली.

"तुझं गाव कोणतं, बाळ?" साडूंनी विचारलं. मी डोळे मिटून घेतले. मुलगी पाचोडची निघाली. पाचोडच्या आठवडी बाजारात साडूंच्या वडिलांनी बैल घेतला होता. बैल विकणारा मुलीच्या चुलत आजोबांच्या वाड्यातला होता आणि आजोबांची धाकटी सून साडूंच्या आजोळची. कॉफी थंड होईपर्यंत मुलगी यांची भाची झाली होती आणि 'सर'चे 'मामा' झाले होते. तिची पंचाईत अशी की पुढचं वाक्य 'आजच सही केली तरच सूट' असं होतं आणि ते मामाला म्हणवेना.

मग तिनं अदलाबदलीची सोय समजावली. तुमचा आठवडा तुम्ही वापरला नाही, तर तो दुसऱ्या सदस्याला देता येतो आणि त्याच्या जागी तुम्हाला दुसरीकडे जाता येतं. साडूंचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे आपण त्यांच्याकडं जायचं अन् त्यांनी आपल्याकडं यायचं! असं आधी सांगायचं ना पोरी. ही तर आपली जुनीच पद्धत. अगं, वरच्या दोन्ही खोल्या रिकाम्या आहेत आपल्या. पत्ता लिहून घे. सिडको, पाण्याच्या टाकीमागं. कवा बी पाठव. फक्त आदल्या दिवशी फोन करायला सांग म्हणजे भाजी आणून ठेवता येती." मुलगी म्हणाली, "नाही मामा, ते तुमच्या घरी नाही येणार." "कामून बरं? घर चांगलं आहे की!" तिनं हताशपणे माझ्याकडे पाहिलं. मी तेवढ्यात समोशाकडे लक्ष दिलं. टाय लावलेला एक साहेब शेजारच्या टेबलावरून हे ऐकत होता, तो धावत आला आणि हिंदीत सूट वाढवू लागला. साडू त्याला म्हणाले, "घाई करू नका. आणि काही झालं तरी पोरीला बोलायचं नाय."

सही न करता आम्ही बाहेर पडलो, फुकट मुक्कामाची पत्रं खिशात घालून. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना हिशेब समजावत होतो. सदस्यत्वाचे पैसे एकदाच भरायचे खरे, पण देखभालीची वर्गणी दरवर्षी, गेलात तरी आणि नाही गेलात तरी, आणि ती वाढत जाणारी. दिवाळीच्या, मे महिन्याच्या आठवड्यांना त्यांच्या तक्त्यात वेगळा रंग, त्या रंगाचा दर वेगळा. हवी ती तारीख मिळेलच असं नाही. पंचवीस वर्षांनी आपण कुठे असू ते देव जाणे, आणि नंतर मुलाच्या नावावर करावं तर तो बेंगळुरूत, त्याला आईच्या साठीला यायलासुद्धा रजा मिळाली नव्हती. त्यापेक्षा जेव्हा जायचं तेव्हा साध्या हॉटेलची खोली घ्यावी, स्वस्त पडतं. साडू सगळं शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "हिशेब बरोबर आहे तुमचा. पण हॉटेल ते हॉटेल, साडूभाऊ. हे हक्काचं आहे." निवृत्तीच्या पैशांतून तोडून ठेवायची त्यांची तयारी झालेली मला दिसत होती. ताईला विचारलं तर ती म्हणाली, "मला काय कळतं त्यातलं? सूर्यास्त दिसतो का तिथून, एवढं विचारा." शेवटी असं ठरलं, की आधी फुकटातला मुक्काम करून बघायचा आणि मग काय ते ठरवायचं.

दिवाळी झाल्यावर माझ्या गाडीनं आम्ही चौघं महाबळेश्वरला निघालो. डिकीत ज्वारीची पिशवी, सीताफळांची पेटी आणि खण-नारळ. मी म्हटलं, "अहो, रिसॉर्ट आहे ते." साडू म्हणाले, "हक्काचं असलं तरी पहिल्यांदा चाललोय." वाईत त्यांनी गाडी आत वळवायला लावली. आतेभावांच्या घराला कुलूप होतं, ते आधीच ठाऊक होतं. तरी उतरले, कुलूप हातात घेऊन पाहिलं, पायरीवर थोडा वेळ बसले. यात उशीर झाला आणि घाट चढेपर्यंत अंधार पडला. पहिला सूर्यास्त असा वाईच्या पायरीवर गेला.

काउंटरवरच्या मुलीला साडूंनी विचारलं, "घरातल्या बाई कुठं आहेत?" तिला प्रश्न कळेना. शेवटी तिचीच ओटी भरावी असं ठरलं. ताईनं तिला कुंकू लावलं, खण-नारळ दिला, आणि त्या मुलीनं गोंधळून खोलीच्या किल्लीसकट नमस्कार केला. ज्वारी आणि सीताफळं मुदपाकखान्यात गेली. जेवायला गेलो तर तिथे ज्यानं त्यानं ताट घेऊन वाढून घ्यायचं. साडू रिकामं ताट घेऊन कितीतरी वेळ उभे, कुणी 'बसा' म्हणेना म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांनी यावर तोडगा काढला. जिलब्यांचं भांडं उचललं आणि टेबलाटेबलावरून आग्रह करत फिरू लागले. सुरतेच्या एका कुटुंबाला त्यांनी "एक तरी घ्याच, माझ्यासाठी" म्हणून इतकं वाढलं, की ते लोक त्यांना मालक समजून खोलीतला गिझर चालत नसल्याची तक्रार करू लागले. साडूंनी जाऊन तो दुरुस्तही करून दिला. जन्म वीज खात्यात गेलेला.

ताईची गंमत वेगळीच. पहिल्या सकाळी ती सवयीनं पहाटे उठली आणि बसायचं कुठे ते कळेना. चादरी घडी करून झाल्या. झाडायला आलेल्या बाईला तिनं पलंग ओढायला मदत केली, तेव्हा ती बाई घाबरून म्हणाली, "असं नका करू, मला बोलतील." मग ताई गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसली. माझी बायको सांगते, की पहिला तासभर तिला हात कुठे ठेवावेत ते समजत नव्हतं. मांडीवर ठेवी, उचले, पदराचं टोक गुंडाळी. दुपारपर्यंत हात आपोआप जागेवर पडले आणि ती खुर्चीत पाय वर घेऊन झोपून गेली. चार वाजता आम्ही सूर्यास्ताला म्हणून निघालो तर अवकाळी ढग आलेले. कठड्याशी उभं राहून पाहिलं तर हातभर पलीकडचं दिसेना. दुसरा सूर्यास्त असा गेला. ताई म्हणाली, "असू द्या. आलो तर खरं."

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला खोली सोडायची होती. उठून बघतो तर आभाळ धुऊन ठेवल्यासारखं. ताई गॅलरीत उभी राहून म्हणाली, "स्वच्छ झालं की आज," आणि आत येऊन पिशव्या भरायला लागली. मी आणि साडू किल्ली द्यायला काउंटरवर गेलो. तिथे मुदपाकखान्यातून ज्वारीची पिशवी परत आली होती, धुऊन, घडी घालून, रिकामी. साडूंनी ती हातात घेऊन आत डोकावून पाहिलं. मग किल्ली काउंटरवर न ठेवता हातातच धरून म्हणाले, "बराय. निघतो आता." मुलगी गोड हसली. "थँक यू सर. परत या." साडू तिथेच. "निघतोच म्हणलं." "हो सर. प्रवास छान होवो." साडूंनी थोडं थांबून, तिला अजून एक संधी द्यावी तसं, म्हटलं, "तसं घरी लई काही काम नाय म्हणा." मुलीनं काळजीनं विचारलं, "सर, टॅक्सी बोलावू का?"

साडू माझ्याकडे वळले. "साडूभाऊ, हिशेब झाला. नाय घ्यायचं हे." आणि किल्ली हातात तशीच घेऊन खोलीकडे निघाले. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता, माझाच सल्ला मानला गेला होता. पण त्या पाठीकडे बघून झाला नाही.

मी गाडीत सामान भरत होतो तेव्हा बायको सांगत आली, की ताईची चप्पल सापडत नाही. वर गेलो तर ताई पलंगाखाली बघत होती. साडू वेताच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते आणि ते त्यांनी उलटं धरलं होतं.

"अहो, इथंच काढली होती मी. तुम्ही पाहिली का?"

"नाय बा."

"दहा वाजत आले. अनवाणी येऊ का आता?"

साडूंनी वर्तमानपत्र खाली केलं. "चप्पलच नाय म्हणल्यावर निघता कसं येईल? राहा आता आजचा दिवस."

ताईला एकदम कळलं. ज्वारीच्या त्या पिशवीकडे तिचं लक्ष गेलं. साडूंच्या मांडीवरची ती पिशवी आता रिकामी दिसत नव्हती. ताईचे कान लाल झाले. या वयात, धाकट्या बहिणीच्या आणि तिच्या नवऱ्याच्या देखत. पण रीत ती रीत. तिनं तोंडावर पदर घेतला आणि म्हणाली, "नको हो. दूधवाल्याला आजपासून यायला सांगितलंय."

"दूध शेजारचे घेतील. राहा की."

"आज फुकट नाय ते. खोलीचे पैसे पडतील."

"पडू दे पडले तर. मी राहा म्हणतोय ना!"

सगळ्या महाराष्ट्रानं साडूंना तीन-तीनदा 'राहा' म्हटलेलं होतं. ताईला कुणी म्हटल्याचं मला आठवेना. तिचं नाव त्या आग्रहात धरलेलंच असायचं, पिशवीसारखं. ताई पलंगाच्या कडेवर बसली आणि खाली बघत म्हणाली, "एवढं म्हणताय तर राहते बापडी." माझी बायको एकाएकी बाथरूममध्ये नळ बंद आहे का ते बघायला गेली.

साडूंनी काउंटरवर जाऊन दोन्ही खोल्यांचे पैसे भरले, आमच्यासुद्धा. मला देऊ दिले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मुक्कामाचे पैसे देत होते. कार्डाचा पिन दोनदा चुकला.

सदस्यत्व काही घेतलं नाही. पाचोडच्या त्या मुलीला त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं आणि वर जेवायला बोलावलं. ती आईला घेऊन आली, आणि निघताना दोघींच्या चपला देवघरात सापडल्या. तिच्या मोठ्या भावाच्या लग्नाचं आता साडूच बघताहेत, पण ते सांगत बसलो तर हे कधी संपायचं नाही. मला सांगायचंय ते त्या तिसऱ्या संध्याकाळचं.

चार वाजता साडूंनी घड्याळ पाहिलं नाही. मुद्दाम खोलीवर ठेवून आले होते. कठड्याजवळच्या बाकावर जागा धरून आम्ही चौघं बसलो. गर्दी होती, मक्याची कणसं होती, फोटो होते. ताई समोर बघत होती. सूर्य डोंगराला टेकला आणि बघता बघता गेला. "लवकर जातो की," ती म्हणाली, "मला वाटलं होतं लई वेळ लागत असंल." साडू मागे वळून वाईच्या बाजूला बघत होते.

मग गाड्यांवरचे दिवे लागले आणि ताई चटकन उठली. पदर खोचला. "चला, दिवेलागण झाली. आत त्या एकट्याच..." आणि थांबली. आत कोण, आणि एकट्या कोण, हे तिलाही सांगता आलं नसतं. इतक्या वर्षांतल्या इतक्या घरांतली कुणीतरी.

साडूंनी तिच्या पदराचं टोक धरून हलकेच खाली ओढलं.

"बस गं," ते म्हणाले. "इथं आपलं कुणी नाय."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलंय, पण इतक्या हळू कधीच नाही. ताई परत बसली, आणि पूर्ण अंधार पडेपर्यंत आमच्यापैकी कुणीही निघूया म्हणालं नाही.